चकोर, चिंगी आणि चढण: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मी आयडाहोमधल्या स्नेक नदीच्या डोंगरात कुत्र्याला घेऊन चकोराच्या मागे फिरण्याबद्दल दोन पानं लिहिली होती, सोबत माझ्या सेटर कुत्रीचा, चिंगीचा फोटो होता. संपादकांना वाटलं चार-पाच मेल येतील. आले बरेच. त्यातले निम्मे चिंगीचं कौतुक करणारे, दोन-तीन मला चांगल्या शब्दांत शिव्या घालणारे, आणि बाकीचे खरोखरचे प्रश्न विचारणारे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जे परत परत विचारलं गेलं तेवढं घेतलंय, आणि एक शिव्यांचंही घेतलंय, नाहीतर म्हणाल की सोयीचं तेवढं उचललं.

प्रश्न: काका, तुम्ही 'चकोर' लिहिलंय तो खरंच आपला कवितेतला चांदणं पिणारा चकोर का, की इंग्रजी 'चकर'ला तुम्ही हौसेने मराठी कपडे घातलेत? (सॉल्ट लेक सिटीहून एक वाचक)

अहो तोच तो. इंग्रजी 'चकर' हा शब्दच आपल्या चकोरावरून गेलाय. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात शरदाच्या चांदण्यातले अमृतकण हळुवारपणे वेचणारी चकोराची पिल्लं आहेत ना, त्यांचेच हे चुलतभाऊ. फक्त इथे त्यांना चांदणं पिताना कोणी पाहिलेलं नाही, गवत खाताना मात्र रोज दिसतात.

तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानपासून आपल्या हिमालयापर्यंत हा मूळचा राहणारा. लडाख-हिमाचलला फिरायला गेलेल्यांनी बघितला असेल, राखाडी अंग, लाल चोच, लाल पाय, गळ्याभोवती काळा पट्टा, आणि कुशीवर काळे-तांबूस पट्टे. पाकिस्तानचा तर राष्ट्रीय पक्षी. अमेरिकेत पहिल्यांदा आला १८९३ साली, कराचीहून पाच जोड्या इलिनॉयला आणल्या होत्या. आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे एका अर्थी पहिले चकोर आपल्याच इलाख्यातून बोटीत बसले! त्या पाच जोड्यांचं पुढे काही झालं नाही, पण नंतर पश्चिमेकडच्या राज्यांनी पुन्हा पुन्हा सोडून बघितले आणि नेवाडा, आयडाहो, ओरेगॉन, युटा या कोरड्या, दगडी, उभ्या डोंगरांत ते असे रुजले की नेवाडात १९४७ ला शिकारीचा पहिला सीझनसुद्धा निघाला.

रुजण्याचं एक कारण मला फार गमतीचं वाटतं. इथे चीटग्रास नावाचं एक गवत आहे, तेही युरोप-आशियातून धान्याबिन्याबरोबर घुसलेलं, शेतकरी आणि वनखातं दोघंही त्याच्या नावाने बोटं मोडतात कारण उन्हाळ्यात वाळून ते वणव्याला आमंत्रण देतं. चकोर तेच खातो. शरदात पाऊस पडला की त्याचे कोवळे हिरवे कोंब, एरवी त्याचं बी. म्हणजे बाहेरून आलेला पक्षी, बाहेरून आलेलं गवत खाऊन जगतोय आणि त्याच्या मागे बाहेरून आलेला एक सातारकर धापा टाकत चढतोय.

प्रश्न: दादा, मी गेल्या वर्षी बॉयझीला जॉबसाठी आलो, एच-वन-बी वर आहे. ऑफिसमधले लोक ऑक्टोबर लागला की दर शनिवारी कुत्री घेऊन गायब होतात. मला पण जायचंय. बंदूक घेता येते का आपल्याला? आणि कुत्रा कुठला घेऊ?

तू विचारलंस ते बरं केलंस, कारण यात बरेच जण न विचारता चूक करतात. एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. मित्राची बंदूक हातात घेऊन दोन बार काढले, ती त्याचीच होती, असं चालत नाही. पण याला अपवाद आहे, कुठल्यातरी राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स तुझ्याकडे असेल तर ती मनाई लागत नाही. 'चालू असलेलं' हे दोनदा वाच. लायसन्स संपलं की अपवादही संपला, आणि बंदूक घरातच पडलेली असते. ग्रीन कार्डवाल्यांना हा त्रास नाही. तरी वकिलाला एकदा विचार, तुझं स्टेटस पणाला लावण्याएवढा कुठलाच पक्षी मोठा नाही.

तुझ्या आयडाहोत १ जानेवारी १९७५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लायसन्सआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. कंटाळा करू नकोस, चांगला असतो. चकोराचा सीझन सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो आणि ३१ जानेवारीला बंद होतो, दिवसाला माणशी आठ पक्षी ही मर्यादा. नियमांची पुस्तिका मात्र निघण्याआधी बघायचीच, गेल्या वर्षी वाचली होती म्हणून चालत नाही.

आता कुत्रा. तू विचारलंस 'कुठला घेऊ', मी म्हणेन यंदा घेऊच नकोस. आणि बंदूकही नको. या सीझनला त्या ऑफिसवाल्यांपैकी कोणाच्या तरी मागे नुसता चाल, पाण्याच्या बाटल्या उचल, त्यांची कुत्री काय करतात ते बघ. चार शनिवार गेलास आणि पाचव्यालाही पहाटे साडेचारला उठावंसं वाटलं तर मग बोलू. हा कुत्रा म्हणजे शनिवारपुरता नाही रे, तो बुधवारी रात्री दहा वाजता पण पळायला मागतो. एका ओळखीच्यांनी हौसेने जर्मन शॉर्टहेअर घेतला, अपार्टमेंटमध्ये, दोघंही दिवसभर बाहेर, त्याने सोफा आतून-बाहेरून उसवला आणि मग दरवाजाच्या चौकटीला लागला. चूक कुत्र्याची नव्हती.

घ्यायचाच ठरलं तर या डोंगरांसाठी पॉइंटिंग जातीचा घे, म्हणजे पक्ष्याचा वास लागला की त्याला न उठवता जागीच थांबून उभा राहणारा. सेटर, पॉइंटर, ब्रिटनी, शॉर्टहेअर, वायरहेअर, यातला कुठलाही. कुठला भारी यावर इथले लोक रात्र रात्र भांडतात, मी भांडत नाही, माझी सेटर आहे म्हणजे सेटरच भारी हे उघड आहे. लॅब्रेडॉर आणि स्प्रिंगर स्पॅनियल गुणीच असतात, पण ते पक्षी उठवणारे, थांबणारे नाहीत. दोनशे मीटर वर त्याने थवा उठवला तर तू खाली उभा राहून टाळ्या वाजवणार. जात ठरवण्याआधी आई-बाप बघ, ते प्रत्यक्ष डोंगरात काम करतात का हे विचार. पिल्लू सगळ्यांचंच गोड दिसतं.

प्रश्न: आमचा ब्रिटनी तीन वर्षांचा आहे, पॉइंट छान धरतो, पण मी पोचेपर्यंत चकोर उडून गेलेले असतात. नेहमी. दोन सीझनमध्ये हाताला चार पक्षी लागलेत. चुकतंय कोण, मी की तो? (ओरेगॉनच्या पूर्व भागातून)

तुम्ही. मीही तुमच्याच वर्गात चार वर्षं बसलोय म्हणून सांगतो.

चकोराचा स्वभाव दोन वाक्यांत असा आहे की तो पायाने वर पळतो आणि पंखाने खाली उडतो. तुम्ही खालून चढत आलात की तो तुमच्याकडे बघत, 'चक-चक-चकोर' असं हसत, निवांत वर चालत राहतो, तुमच्यापेक्षा दुप्पट वेगाने, आणि अगदी धारेवर पोचला की तुमच्या डोक्यावरून मागे दरीत सूर मारतो. म्हणजे तुम्ही एक तास चढून जिथे पोचलात तिथून तो आता बरोबर एक तास खाली आहे. इथले म्हातारे शिकारी म्हणतात पहिल्यांदा चकोर मारायला जातो तो मजेसाठी, त्यानंतर जातो तो सूड घ्यायला.

त्यामुळे पक्ष्यांमागे चढायचंच नाही. आधी चढून घ्यायचं, पक्षी नसले तरी, कुत्रा शेजारी ठेवून, सरळ एखादी सोंड पकडून धारेजवळ जायचं, आणि मग त्या उंचीवर आडवं मारत जायचं. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना हे सांगावं लागत नाही, घळी ओलांडत, एक सोंड झाली की दुसरी, कातळाच्या खालून. चकोर बसतो तो कातळ आणि घसाऱ्याच्या कडेला, जिथे खाली हिरवं काहीतरी आहे आणि वर पळायला वाट आहे. सप्टेंबरच्या उन्हात तो पाण्याजवळ असतो, पाऊस पडून कोंब फुटले की डोंगरभर पांगतो, बर्फ पडलं की दक्षिणेकडच्या उतारावर, जिथे ऊन लागून माती उघडी पडते तिथे. हे तीन हंगाम डोक्यात असले की निम्मा डोंगर न चालताच बाद होतो, आणि पन्नाशीनंतर याचं महत्त्व कळतं.

वारा. सकाळी ऊन चढलं की उतारावरची हवा तापून वर सरकते, संध्याकाळी थंड होऊन खाली येते. कुत्रा नाकाने बघतो हे आपण म्हणतो पण चालताना विसरतो. सकाळी धारेजवळून आडवं चालताना खालचा वास वर येतो आणि चिंगीला तो शंभर-दीडशे मीटरवरून लागतो, तोच डोंगर मी खालून चढलो असतो तर तिला काही कळलंच नसतं. कोरड्या ठणठणीत दिवशी वास धरतच नाही, पहाटे दव असताना किंवा हलका पाऊस पडून गेल्यावर बघा तेच कुत्रं किती शहाणं होतं.

आणि आता मुख्य गोष्ट, ज्याला मला चार वर्षं लागली. पॉइंटवर पोचायची घाई. गेल्या नोव्हेंबरची गोष्ट सांगतो, ब्राउनली धरणाच्या वरच्या डोंगरात होतो. गळ्यातल्या जीपीएस कॉलरवरून हातातल्या यंत्रावर दिसतं कुत्रा कुठे आहे आणि चालतोय की पॉइंटवर आहे. यंत्र थरथरलं, चिंगी पॉइंटवर, २६० मीटर, आणि सगळे मीटर उभे. पूर्वी मी काय करायचो, धावायचो. धापा टाकत, दगड घरंगळवत, मधूनच तिला ओरडून 'थांब थांब' सांगत, म्हणजे थव्याला माझा पत्ता, वेळ आणि नाव सगळं कळवत. त्या दिवशी मी चाललो. बंदूक रिकामी करून, उघडी टाकून खांद्यावर, कारण तो घसारा होता. अठरा मिनिटं लागली, मी मुद्दाम घड्याळ बघितलं. मध्ये दोनदा वाटलं की आता गेले असणार. तिच्या वरून वळसा घालून आलो, म्हणजे पक्षी माझ्या आणि तिच्या मधे. ती एका पायावर, शेपूट सरळ, ओठ थोडेसे थरथरणारे, अठरा मिनिटं तशीच. डोळे फक्त माझ्याकडे वळले, 'आलास का बाबा एकदाचा' असे.

चकोरांना माणसापेक्षा कुत्र्याची भीती कमी असते असं मला वाटतं, किंवा असं म्हणू की स्थिर उभ्या कुत्र्याची. तो जवळ सरकला तर उडतात, तो थांबला तर तेही दबून थांबतात. हे अंतर किती ठेवायचं हे मी तिला शिकवलेलं नाही, चकोरांनी शिकवलंय. पहिल्या दोन सीझनमध्ये ती फार जवळ जायची, थवा भर्रकन उठायचा आणि मी बार न काढता नुसता उभा राहायचो. बार काढलाच नाही, कारण तिच्या चुकीचं तिला बक्षीस मिळालं असतं. हा एक भाग तुमच्या ब्रिटनीसाठी: तो पळत जाऊन उठवत असेल तर त्या पक्ष्यांवर बार टाकू नका, कितीही सोपा असला तरी. दोन सीझन चार पक्षी म्हणजे काही वाईट नाही, माझे पहिल्या सीझनला तीन होते.

मग ते उठले. बारा-पंधरा असतील. सगळे एकदम दरीत. इथे सगळे नेम चुकवतात कारण पक्षी खाली जात असतो आणि आपण त्याच्यावरून मारतो, थोडं खाली धरावं लागतं. पहिला बार चुकला, दुसऱ्याला एक पडला. आणि लगेच पुढे धावू नका, काडतुसं भरा आणि एक मिनिट उभे राहा. थव्यातले एक-दोन आळशी जवळजवळ नेहमीच मागे राहतात, सगळे गेले असं समजून तुम्ही बंदूक खांद्याला लावलीत की पायाखालून उठतात. त्या दिवशी एक तसाच उठला, तो मिळाला. दोन झाले. पडलेला पहिला पक्षी सत्तर-ऐंशी मीटर खाली घसरत गेला होता, जिवंत असता तर पायाने पळाला असता, चिंगी गेली आणि दहा मिनिटांनी तोंडात धरून वर आली. कुत्र्याशिवाय ही शिकार करू नये असं मी म्हणतो ते याचसाठी, पडलेला पक्षी न मिळणं यासारखं लाजिरवाणं काही नाही.

सांगायची दोन वाक्यं राहिली. पक्ष्यामागे आभाळ किंवा मोकळी दरी दिसल्याशिवाय बार नाही, कारण उतारावर कुत्रा तुमच्या बंदुकीच्या रेषेत कधी येईल सांगता येत नाही. आणि चढताना, तारेचं कुंपण ओलांडताना, घसाऱ्यावर, बंदूक रिकामी. यात मी कोणाचंच ऐकून घेत नाही, जुन्या मित्राचंही नाही.

प्रश्न: किती बोअरची बंदूक, कुठले छर्रे?

हलकी. मी वीस गेजची दुनळी वापरतो, छर्रे सहा किंवा साडेसात नंबरचे. बारा गेजही चालते, पण दुपारी दोन वाजता तिचं वजन दुप्पट होतं. पैसे वाचवायचे असतील तर बंदुकीवर वाचवा आणि बुटांवर घाला.

प्रश्न: तुम्ही लिहिलं होतं की चिंगी एकदा 'गवतामुळे' आजारी पडली. म्हणजे नक्की काय? आमचीही कुत्री डोंगरात येते, शिकारीला नाही, नुसती फिरायला. (नेवाडातून एक ताई)

ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून जास्त लिहितो, कारण हे शिकारीपुरतं नाहीच.

वर ज्याचं कौतुक केलं तेच चीटग्रास. वाळलं की त्याच्या बियांना लांब कुसळं असतात आणि ती एकाच दिशेने सरकतात, पुढे जातात पण मागे येत नाहीत. कानात, नाकात, डोळ्याच्या पापणीखाली, पायाच्या बोटांमधे घुसतात आणि आत आत जात राहतात. चिंगी तीन वर्षांपूर्वी एका रविवारी घरी आल्यावर डोकं एका बाजूला तिरकं धरून झटकत होती. मला वाटलं कानात पाणी गेलं. सोमवारी तेच. ज्या दवाखान्यात नेलं तिथे पहिल्यांदा कान लांबून बघून औषध दिलं आणि परत पाठवलं, आठवड्याने कान सुजला तेव्हा दुसरीकडे नेलं, तिथे गुंगी देऊन आतून कुसळ काढलं, तांदळाच्या दाण्याएवढं. दोष मी स्वतःलाही देतो, त्या रविवारी संध्याकाळी टॉर्च घेऊन दहा मिनिटं बघितलं असतं तर कदाचित तिथेच सापडलं असतं. तेव्हापासून गाडीत बसायच्या आधी कान, डोळे, बोटांच्या फटी, काखा, सगळं हाताने चाचपायचं, कितीही थकलेलो असलो तरी.

दुसरं म्हणजे ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून गार होतो. त्याचं नेहमीचं तापमान साधारण साडेअडतीस-एकोणचाळीस सेल्सिअसच्या आसपास असतं, एक्केचाळीसच्या वर गेलं की जिवावर बेततं. सप्टेंबरात सकाळी गार वाटतं म्हणून निघतो आणि अकराला डोंगर तव्यासारखा झालेला असतो. कुत्रा स्वतःहून थांबत नाही हा त्याचा दोष म्हणा की गुण. जीभ खूप बाहेर, रुंद आणि लालभडक, चाल लटपटलेली, हाक मारली तरी लक्ष नाही, असं दिसलं की संपलं, सावली, अंगावर पाणी, विशेषतः पोट आणि जांघा, वारा घाला आणि खाली गाडीकडे, तिथून डॉक्टरकडे. मी माझ्यासाठी दोन आणि तिच्यासाठी तीन लिटर पाणी नेतो. हे वाचून बायको म्हणाली 'हे बरोबर आहे'. आणि सप्टेंबरात रॅटलस्नेकही असतात, थंडी पडेपर्यंत, म्हणून मी खरा निघतो तो ऑक्टोबरच्या मध्यानंतर.

तळवे. लाव्हाचे दगड कुत्र्याचे पाय किसणीसारखे किसतात. कॉलर सांगते की मी अकरा किलोमीटर चाललो तेव्हा चिंगी चाळीस चालली होती, तेही सरळ नाही. सीझनच्या आधी दोन महिने कच्च्या रस्त्यावर पळवून तळवे टणक करायचे, आणि बूट घालायचे तर घरी सवय लावून. पहिल्या दिवशी ती उंच उंच पाय टाकत चालते, शेजारचे हसतात. साळिंदराचे काटे लागले तर पक्कड जवळ हवी, एक-दोन असतील तर काढा, तोंडभर असतील तर तोडू नका, कापू नका, डॉक्टरकडेच. थंडीत इथे सापळे लावायचा हंगाम असतो, ते उघडायचे कसे हे घरी शिकून घ्या, वेळ आल्यावर सूचना वाचायला जमत नाही.

प्रश्न: सर, मी पुण्यात असतो, घरी मुधोळ हाउंड आहे. मावळात रानकोंबड्या आणि तित्तर खूप दिसतात. त्याला अशी ट्रेनिंग देता येईल का?

नाही. आणि प्रश्न ट्रेनिंगचा नाहीच. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, लायसन्स काढून शिकार करण्याची जी थोडी वाट होती ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. रानकोंबडा, तित्तर, लावा, चकोत्री, काहीही. 'मी नाही मारलं, कुत्र्याने धरलं' हे सुद्धा शिकारच धरतात. मी इथे करतो ते इथल्या कायद्यात, इथल्या सीझनमध्ये, तिथे आलो की माझी दुर्बीण असते गळ्यात आणि बस.

तुमचा मुधोळ तसाही या कामाचा नाही, तो डोळ्याने बघून पळणारा, सशामागे सुटण्यासाठी घडलेला. वासावर थांबून उभं राहणं त्याच्या रक्तात नाही. त्याला मोकळं, कुंपण असलेलं मैदान द्या, सकाळी सहाला, आणि बघा तो काय दिसतो पळताना. रानात मात्र पट्टा लावूनच न्या, हे सगळे पक्षी जमिनीवर अंडी घालतात.

प्रश्न: ज्या पक्ष्यावर आपल्या संतांनी लिहिलं त्याला गोळी घालून वर मासिकात मिरवता. लाज वाटत नाही का? चिंगीला घेऊन कॅमेरा न्या की. (नाव छापू नये ही विनंती)

कॅमेरा नेतो. मार्च ते ऑगस्ट तेच करतो, फक्त घरटी असतात तेव्हा चिंगीला नेत नाही.

तुमचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, माझी आई हेच म्हणायची, ती गेली तोवर तिने मी आणलेला एकही पक्षी शिजवला नाही आणि मी तिला कधी आग्रह केला नाही. मी कोंबडी खातो. दुकानातली कोंबडी कशी वाढते ते मला माहीत आहे, आणि चकोर कसा जगला तेही मी बघतो. माझं उत्तर एवढंच आहे, ते तुम्हाला पुरेल असं नाही.

पण एक माहिती म्हणून: अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे, लांब बंदुकीवर अकरा टक्के, आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो. नेवाडाच्या वाळवंटात पावसाचं पाणी साठवणाऱ्या टाक्या जागोजागी बांधल्या आहेत, पक्ष्यांना प्यायला, चकोरासाठी तर खास, आणि त्यात हरणंही पितात. यामुळे मी पुण्यवान होत नाही. आठची मर्यादा आहे म्हणून आठ मारायचे असंही नाही, दोन झाले की मी सहसा बंदूक रिकामी करतो आणि चिंगीला पॉइंट करू देतो. आणि खूप बर्फ पडून पक्षी नदीकाठी गोळा होतात, उपाशी, थकलेले, तेव्हा तर जातच नाही, कायदा परवानगी देतो तरी.

प्रश्न: दादा, नवऱ्याने मित्राकडून दोन चकोर आणलेत, साफ केलेले. फ्रीझरमध्ये तीन आठवडे पडलेत. मी चिकनसारखं केलं तर चालेल का? आणि वास येतो का त्याला? (बॉयझीहून)

वास येत नाही, घाबरू नका. मांस पांढरं असतं, गावठी कोंबडीच्या जवळ जाणारं, पण पक्षी लहान, अख्खा अर्ध्या किलोच्या आसपास, साफ केल्यावर हातात किती राहणार. चिकनसारखं पाऊण तास शिजवलंत तर छाती कोरडी चऱ्हाट होईल. छाती वेगळी काढा आणि पाय वेगळे. पाय डोंगर चढलेले असतात हो, ते चिवट, त्यांना वेळ द्या.

रात्री फ्रीजमध्ये हळू वितळू द्या, मग सकाळी मिठाच्या पाण्यात तीन-चार तास. पायांचा आणि पाठीचा तांबडा रस्सा करा, कांदा-सुकं खोबरं भाजून वाटण, आलं-लसूण, तीळ, कांदा-लसूण मसाला, झाकण ठेवून मंद आचेवर तासभर, लागलं तर गरम पाणीच घाला. छातीला हळद, मीठ, लसूण, थोडं दही लावून तव्यावर तूप टाकून प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं, आतलं गुलाबीपण गेलं की लगेच उतरवा. भाकरी मिळत नसेल तर तिथल्या मेक्सिकन दुकानातली मक्याची टॉर्टिया भाजून घ्या, आमच्याकडे तेच चालतं.

शिजवायच्या आधी बोटांनी दाबून बघा, छर्रा लागतो हाताला, काळा ठिपका किंवा मांसात घुसलेलं पीस दिसलं की तिथे सुरीचं टोक घाला. तरी एखादा राहतोच, म्हणून मुलांना सांगून ठेवा की हळू चावा. आणि शिजलेलं हाड कुत्र्याला देऊ नका, पक्ष्याच्या हाडाची टोकं फुटून पोटात रुततात. चिंगी स्वयंपाकघराच्या दारात बसून असते तेव्हा तिला काळीज मिळतं, मसाला न लावता उकडलेलं. चावत नाही, गिळते आणि पुन्हा दारात येऊन बसते.